नऊ चौरस मीटर वारा

दादाने गच्चीवर पवनचक्की बसवली आणि ती पाहून भिंगरी हसली, तिथून सगळं बिनसलं. तसं पाहिलं तर भांडण म्हणावं असं काही झालं नव्हतं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी ताटावरून उठलं नाही. फक्त ती हसली, आणि दादाचा चेहरा पडला.

भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही म्हणून काका तिला भिंगरी म्हणायला लागले. पुढे ती इंजिनिअर झाली, तीही उभ्या आसाच्या पवनचक्क्या बनवणारी. तेव्हापासून काका येईल त्याला सांगत, "लोक नावं ठेवतात. मी एकच ठेवलं आणि ते बरोब्बर लागू पडलं!"

काका जन्मभर सुतार. दारं, कपाटं, पलंग, जिने, सगळ्यांवर त्यांचा हात फिरलेला. पण त्या वर्षांमध्ये लाकडाचा जेवढा भुसा जमिनीवर पडला, त्यातला थोडा त्यांच्या छातीतही जाऊन बसला. आता पलंगापासून खिडकीपर्यंत गेलं तरी त्यांना धाप लागायची. डॉक्टरांनी दिवसरात्र ऑक्सिजन लावायला सांगितला होता. खोलीच्या कोपऱ्यात गुडघ्याएवढं मशीन असायचं, ते खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीने काकांच्या नाकापर्यंत पोचवायचं. फुस्स, टक. फुस्स, टक. घरात सगळ्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो थांबला तरच लक्ष जायचं.

आणि तो थांबायचा. घर टेकडीच्या कडेला, वस्तीच्या शेवटाला. जरा वारा सुटला की वीज गेलीच. खाली शहरात राहायला चला म्हणून दादाने डोकं आपटलं, पण खालच्या धुरात काकांना दोन दिवसही काढवत नसत. "इथे वीज नाही, तिथे हवा नाही," ते म्हणत. "मी आपला हवेकडे राहतो."

म्हणून दादाने, त्यांच्या मुलाने, एक दिवस कोणाला न सांगता पवनचक्की आणली. दादा टेकडीवरच्या रस्त्यावर बस चालवायचा. सुट्टीच्या दिवशी एकट्याने खांब उभा केला, वायरी ओढल्या, आणि भिंगरीला जेवायला बोलावलं. तिला गच्चीवर नेलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"एक किलोवॉट!" तो म्हणाला. "बाबांचं मशीन साडेतीनशे वॉटचं. म्हणजे ते चालून वर दिवे, पंखा, फ्रिज, सगळं."

चक्की छान दिसत होती. तीन पांढरी वळणदार पाती, उंचीला जेमतेम कमरेएवढी, रुंदीला त्याहून कमी. भिंगरीच्या तोंडून निघून गेलं, "अरे दादा, हे भिरभिरं आहे!"

आणि ती हसली. नंतर जेवताना तिने समजावूनही सांगितलं, तेच जास्त लागलं. डब्यावर लिहिलेला किलोवॉट भर वादळातला असतो, रोजच्या वाऱ्यातला नाही. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. या चक्कीतून रोजच्या वाऱ्यात मोबाइल चार्ज झाला तरी पुष्कळ. ती बोलत गेली, तिचं अगदी खरं होतं, आणि दादा मान खाली घालून भात चिवडत राहिला.

"मोबाइल तर मोबाइल," काका मध्येच म्हणाले. "काकूचा फोन दिवसभर कानाला असतो. तिची सोय झाली."

काकू हसली, विषय बदलला. पण त्या दिवसापासून दादा भिंगरीशी कामापुरतं बोलायला लागला.

मग चक्की करायची ती मोठी, हे तिने मनावर घेतलं. गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लावलं, काही महिने वारा मोजला, आणि एका दुपारी काकांच्या पलंगाशेजारी हिशोब मांडायला बसली. काकांना मापांचं वेड. त्यांच्यापासून काही लपवणं शक्यच नव्हतं.

"कपाट केवढं हवं ते आत काय ठेवायचं त्यावर ठरतं," ते म्हणाले. "तुझं काय?"

"आमचंही तसंच. आत साडेतीनशे वॉट ठेवायचेत."

"मग माप कसं घेतेस?"

"आडव्या आसाची चक्की असती, मोठ्या पंख्यासारखी, तर गोलाचं क्षेत्रफळ घेतलं असतं. आपली उभी. ती फिरते तेव्हा वाऱ्याला समोरून नुसता चौकोन दिसतो. उंची गुणिले रुंदी."

"म्हणजे दार."

"म्हणजे दार!" तिला ते इतकं पटलं की पुढे कारखान्यातही ती तसंच सांगायला लागली. "त्या दारातून जेवढा वारा जाईल त्याच्या ताकदीचा चौथा हिस्सा हाती लागला तरी खूप. इथला वारा धरून, गळती वजा करून, एका चौरस मीटरमागे सरासरी पन्नास वॉट मिळतील."

काकांनी डोळे मिटून ओठ हलवले. "सात चौरस मीटर लागतील."

"सात नेमके पुरतात. मी नऊ करणार. तीन मीटर उंच, तीन मीटर रुंद."

"हात राखून. शाबास. लाकूड कापताना मी तेच करायचो." मग जरा दम खाऊन ते हळूच म्हणाले, "दादालाही घे गं कामात. त्याने एकट्याने खांब चढवला होता. मला इथून हातोडी ऐकू येत होती."

तिने घेतलं. पाती कारखान्यातून आली, ती टेकडीवर दादानेच आणली. घराला लागून असलेल्या मोकळ्या जागेत पाया खणला, तोही त्यानेच. "हो", "नाही", "धर", "सोड" यापलीकडे बोलणं नव्हतं. एकदाच तो आपणहून बोलला. "माझ्या चक्कीचा कंट्रोलर नवाकोरा आहे. तो तरी चालेल का?"

कंट्रोलर म्हणजे चक्की आणि बॅटरी यांच्यामधला डबा. चक्कीची वीज बॅटरीला झेपेल अशी करून देणारा. भिंगरीने त्याची ताकद तपासली. हजाराच्या वर वॉट सहज पेलणारा होता. दादाचं काहीतरी या कामात लागतंय याचं तिलाही बरं वाटलं. "चालेल की," ती म्हणाली. "मजबूत आहे."

चक्की उभी राहिली आणि वारा पडला. आठवडाभर पान हललं नाही. म्हणून वारा सुटण्याचा अंदाज कळताच भिंगरी मुद्दाम राहायला आली. तिला चाचणी घ्यायची होती.

वारा सुटला तो असा की संध्याकाळी वीज गेली आणि वादळ आलं. चक्की ठरल्याप्रमाणे आपोआप ब्रेक लावून उभी राहिली, काकांचं मशीन घरच्या विजेवर आधीच भरून ठेवलेल्या बॅटरीवर चालत राहिलं. सकाळी उजाडलं तेव्हा आभाळ लख्ख धुतलेलं होतं आणि वारा मध्यम, एकसारखा, अगदी हवा तसा. ब्रेक सुटला होता, चक्की फिरत होती. भिंगरी खुशीत चहाचा कप घेऊन कंट्रोलरपाशी गेली आणि तिथेच थबकली.

आकडा एकशे वीसच्या आसपास होता.

तिने हातातल्या यंत्राने वारा मोजला. सेकंदाला आठ मीटर. एवढ्या वाऱ्यात नऊ चौरस मीटरच्या चक्कीने निदान पाचशे वॉट द्यायला हवे होते. तिने वायरी पाहिल्या, जोड पाहिले, पुन्हा आकडा पाहिला. एकशे वीस. काकांच्या मशीनला साडेतीनशे लागत होते, बॅटरी एक चतुर्थांशावर आली होती आणि उतरतच होती.

दादा फोन कानाला लावून अंगणातून आत आला. "रस्त्यावर झाड आडवं पडलंय. गाडी वर येणार नाही. विजेचे लोक म्हणतात, आज काही खरं नाही. दवाखान्यातल्या सिस्टरना फोन केला, त्या सिलिंडर घेऊन चालत निघतात म्हणाल्या, पण वेळ लागेल." मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय झालं?"

भिंगरीने कप खाली ठेवला. मग तिने सांगितलं. "वीज कमी येतेय. फारच कमी. बॅटरी दुपारच्या जेवणापर्यंत टिकेल. मग घरातला सिलिंडर, तो आणखी दोनेक तास."

आता तो हसेल, असं तिला वाटलं. हसला असता तरी तिला बोलायला तोंड नव्हतं. पण दादा म्हणाला, "काय करायचं ते सांग."

तेच तर तिला माहीत नव्हतं. तिने कागद ओढला आणि हिशोब पहिल्यापासून केला. क्षेत्रफळ बरोबर. वारा बरोबर. हाती लागणारा हिस्सा तिने चौथा धरला होता. तो खरोखर विसावा असेल तर? आपण जन्मभर लोकांना खोटी आशा विकतोय की काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. दादाच्या डब्यावरच्या किलोवॉटला हसलो आणि आपले पाचशे वॉटही तसलेच निघाले तर? कागदावरची अक्षरं तिला दिसेनाशी झाली. तिने डोळे पुसले आणि ते कोणी पाहिलं नाही ना, म्हणून वळून पाहिलं. काका पाहत होते.

"इकडे ये," ते म्हणाले. पलंगावरून खिडकीतून चक्की समोरच दिसायची. "मी सकाळपासून बघतोय तिच्याकडे. वाऱ्याचा झोत आला की ती बिचारी उठते. वेग घेते. जरा पळायला लागली की कोणीतरी मागून पदर ओढावा तशी मंद होते. परत उठते, परत तेच. दमत नाही, ओढली जातेय. दमणं म्हणजे काय ते मला उठता-बसता कळतं गं आता."

भिंगरी खिडकीशी उभी राहिली. झोत आला. पाती उचलली गेली, वेग वाढला, आणि ऐन वेग पकडताना अडखळून पुन्हा रेंगाळायला लागली. पुन्हा झोत. पुन्हा तसंच. घोडं कुठे पेंड खातंय ते तिला एकदम दिसलं.

"दादा!" ती ओरडली. "भार लवकर पडतोय! चक्कीत काही खोट नाही!"

ती धावत कंट्रोलरपाशी गेली आणि एका दमात त्याला सांगत सुटली. अशी चक्की सुरुवातीला वाऱ्याच्या धक्क्याने नुसती रांगते. पात्यांचा वेग वाऱ्याच्या दुप्पट-अडीचपट झाला की मग ती खऱ्या ताकदीने ओढायला लागते. तिथवर तिला मोकळं पळू द्यायचं असतं, मग भार टाकायचा. भार कधी टाकायचा ते कंट्रोलर व्होल्टवरून ठरवतो. छोट्या चक्कीला तेवढे व्होल्ट गाठायला जोरात फिरावं लागायचं. या मोठ्या जनरेटरला तेवढे व्होल्ट रांगतानाच मिळतात. कंट्रोलरला वाटतं, झालं, पळायला लागली, आणि तो लगेच तिच्या पाठीवर ओझं टाकतो.

दादाने ऐकून घेतलं. "पहिल्या गिअरमध्येच चढ आणि पन्नास माणसं आत," तो म्हणाला.

"पहिल्याही नाही रे. हँडब्रेक सुटायच्या आधी!"

"म्हणजे माझ्या डब्यामुळे झालं."

भिंगरीने मान हलवली. "डबा उत्तम आहे. त्याचा आकडा बदलायचा होता, तो मी बदलला नाही. मी फक्त त्याची ताकद पाहिली."

दादाचे खांदे जरा सैल झाले. "आता?"

"आता भार पूर्ण काढते, तिला मोकळी पळू देते. आकडा वाढवते, मग पुन्हा भार देते. पण मोकळी असताना फार जोरात गेली तर ती मोडेल, आपोआपचा ब्रेक फक्त वादळी वारा पाहून लागतो. तू हाताच्या ब्रेकपाशी उभा राहा. नजर हलवू नकोस. मी हाक मारली की ओढ."

"आणि तू हाक मारायच्या आत मलाच वाटलं तर?"

"तर ओढ. विचारू नकोस."

काकू इतका वेळ दारात पदर मुठीत धरून उभी होती. ती काकांपाशी जाऊन बसली आणि तिने त्यांचा हात धरला. काका म्हणाले, "अगं, मी अजून इथेच आहे. घट्ट धरू नकोस, मोडेल." तिने हात सोडला नाही.

भिंगरीने भार काढला. बाहेर आवाज बदलला. आधी नुसती फडफड होती, तिची सळसळ झाली, मग सळसळीचा एकसलग सूर. पाती वेगळी दिसेनाशी झाली. तिची बोटं कंट्रोलरच्या बटणांवर घसरत होती. दोनदा चुकीचं पान उघडलं, तिसऱ्यांदा सापडलं. तिने आकडा वाढवला. सूर चढत होता.

"भिंगरी!" दादाचा आवाज आला. खूप दिवसांनी त्याने तिला या नावाने हाक मारली होती. "जोरात चाललीये! ओढू?"

"थांब! देते भार!"

तिने बटण दाबलं. बाहेरचा सूर एक पट्टी खाली आला आणि तिथेच ठरला. अडखळला नाही. आकडा शून्यावरून उठला. दोनशे. तीनशे दहा. चारशे ऐंशी.  पाचशे चाळीसवर येऊन तो थोडा मागेपुढे होत राहिला. बॅटरीजवळचा छोटा बाण, जो सकाळपासून खाली तोंड करून होता, त्याने वर तोंड केलं.

तिने दाराकडे तोंड वळवलं. मग मोठ्याने, "दादा! पाचशे चाळीस!"

तो ब्रेक सोडून धावत आत आला, आकडा पाहिला, आणि त्याने तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती कंट्रोलरवरच आदळायची. काकूचा जीव भांड्यात पडला तो रडूनच. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. काका उशीला टेकून म्हणाले, "आता तरी हात सोड. मुंग्या आल्या."

तासाभराने बॅटरी आणखी चढली तेव्हा कोणाला तरी आठवलं की सकाळपासून कोणीच काही खाल्लेलं नाही. काकूने हाताला लागतील तेवढी अंडी फोडली. सगळे काकांच्या खोलीतच, जागा मिळेल तिथे बसले. दादा दर दोन घासांनी उठून आकडा पाहून यायचा आणि जाहीर करायचा. "पाचशे दहा." "चारशे नव्वद." "सहाशे! बाबा, सहाशे!"

"अरे बस की," काका म्हणाले. "निवडणुकीचा निकाल आहे का?"

तेवढ्यात दारात सिस्टर उभ्या राहिल्या. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेल्या, केसांत पानं, पाठीवर पिशवीत छोटा सिलिंडर. झाडाखालून सरपटत, उरलेली चढण चालत त्या वर आल्या होत्या. वाटभर काय काय मनात येत असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आणि समोर पेशंट बशीतलं अंडं संपवत बसलेले.

"तुम्ही..." म्हणत सिस्टर पुढे आल्या. त्यांनी काकांच्या बोटाला चिमट्यासारखं यंत्र लावलं. ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के. पुन्हा लावलं. त्र्याण्णवच. मग त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि धापा टाकायला लागल्या.

काकांनी नाकातली नळी दोन बोटांनी उचलली. "सिस्टर, घेता का थोडा? तुमचा माझ्यापेक्षा कमी दिसतोय."

आधी सिस्टरच हसल्या, मग सगळे. काका इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली, सिस्टरनी त्यांना दटावलं, आणि दटावता दटावता पुन्हा हसू फुटलं. काकूने सिस्टरना टॉवेल दिला, गरम पाणी दिलं, आणि त्यांच्यासाठी आणखी दोन अंडी फोडली.

दुपारी झाड कापायला माणसं आल्याचं कळलं. दादा मदतीला निघाला. दारातून तो परत फिरला. "तुला एक विचारायचंय. आमच्या डेपोच्या छपरावर चांगला वारा असतो. रात्रपाळीच्या खोलीत दिवा, पंखा, एवढंच हवंय. केवढी लागेल?"

"आधी वारा मोजू," भिंगरी म्हणाली. "छपरावर वारा वेडावाकडा असतो, नुसतं वाटून उपयोग नाही. मोजायचं यंत्र तुलाच लावावं लागेल. वर मला चढवणार नाही."

"मी लावतो. कसं वाचायचं ते शिकव."

"शिकवते."

तो गेला. भिंगरी एकदा कंट्रोलर पाहून आली, एकदा बॅटरी. काही करायचं उरलं नव्हतं. ती पलीकडच्या खोलीत खाटेच्या कडेवर जरा टेकली, बूट काढायला वाकायचं म्हणून. भिंतीपलीकडे मशीन चाललं होतं, सिस्टर काकूला आपल्या मुलाच्या शाळेचं काहीतरी सांगत होत्या, आणि काका मध्ये मध्ये तोंड घालत होते.

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा भिंगरी आडवी झाली होती, पाय अजून जमिनीवरच. काकूने तांब्या खाली ठेवला, हलक्या हाताने तिचे बूट सोडवले, पाय उचलून खाटेवर घेतले, आणि पंखा तिच्याकडे वळवून दार लोटून घेतलं.